उपरण्याखालचा शब्द

"तोंडाचं सोडा, बोट धरा!" असं म्हणत मामा खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचे. चाकणच्या कांदाबाजारात तेव्हा भाव असाच ठरे. कापडाखाली जितकी बोटं दाबली तितके रुपये, चारचौघांना पत्ता नाही. असे दलाल तुम्हीही पाहिले असतील. हे मामा बाजारात सगळ्यांचेच मामा. तोंडानं वाटेल त्या थापा मारायचे, पण बोटानं कधी नाही.

मी अडतीवर दिवाणजी होतो. एकदा विचारलं, "मामींशीही असाच सौदा करता का?"

"तिच्यापुढं उपरणं टाकलं तर ती धुवायला नेती!"

एका शेठनं कापडाखाली दिलेला भाव नंतर फिरवला. मामांनी उपरणं झटकलं. "शेठ, तोंड आपलं आसतं, बोट देवाचं. जावा आता." पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी ते चढले नाहीत.

मग त्यांचे डोळे पिवळे झाले. लेकीची सोयरीक ठरत होती, म्हणून हमाल चिडवायचे, "मामा, हळद लेकीला लावायची, तुमी कशापायी लावली?" काविळीची माळ घालून झाली. अंगाची खाज थांबेना. शेवटी मीच त्यांना पुण्याच्या इस्पितळात नेलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला आणि मामींना बाहेर बोलावलं. "पित्तनलिकेत कॅन्सर आहे. पित्ताला दुसरी वाट करून दिलीय, कावीळ उतरेल. रोग राहील. वर्ष निघणं कठीण."

मामींनी पदर पसरला. "त्येंला न्हाई सांगायचं, दिवाणजी. माझ्या कुंकवाची आन हाय."

कावीळ खरंच उतरली. मामा बाजारात आले. दुपारी अडतीवर दोघंच होतो. "दिवाणजी, लेकीचं यंदाच उरकू, का पुढल्या साली थाटात? तुमी डाक्टरशी बोलला. किती वर्सं हायती माझी? तोंडानं नगं." त्यांनी उपरणं टाकलं.

मी पाचही बोटं दाबली.

"पाच!" मामा खदखदून हसले. "मग नातवाचं बारसं जेवूनच जातो की!" त्यांनी वरपक्षाला पुढच्या सालाचा निरोप धाडला. मामींची आण होतीच. पण खरं सांगतो, एक बोट दाबायचीही माझी छाती नव्हती.

दिवाळीनंतर त्यांचं पोट फुगलं. शौचाची वाट बंद झाली. आतड्याचं काही नवंच दुखणं असेल म्हणून डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडलं. दोन दिवसांनी ते खाटेपाशी उभे राहून शिकाऊ डॉक्टरांना सांगू लागले, "असं क्वचितच होतं. पित्तनलिकेतला जुनाच कॅन्सर मोठ्या आतड्यात उतरलाय. आपण यकृतावर नजर ठेवून होतो."

ते पुढे गेल्यावर मामा म्हणाले, "जुना? म्हंजे तवाच ठावं व्हतं?"

मी मामींकडे पाहिलं. एक शब्द बोलतील असं वाटलं. त्या फरशीकडे बघत राहिल्या.

"मामा, मी..."

"परक्यानं फशिवलं आसतं तर शिवी दिली आसती, राव." आजवर मला 'तुमी' म्हणणारा माणूस 'तू'वर आला. "लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या व्हत्या. तेवढ्या तू टाकू दिल्या न्हाईस."

दुसऱ्या दिवशी निरोप आला, दिवाणजींनी यायची गरज नाही. आठवड्यात मामा गेले.

वर्षाच्या आत लग्न उरकायची रीत, म्हणून लगेच मांडव पडला. कन्यादान चुलत्यानं केलं. नवरी एकेका थोराच्या पाया पडत आमच्या ओळीत आली. माझ्या अलीकडच्या हमालाच्या पायांवर तिनं डोकं टेकवलं, मग माझ्या पलीकडच्याच्या. मामींनी कोपरानं खुणावलं, तरी ती वळली नाही.

आशीर्वादाला उचललेला हात मी तसाच टोपीकडे नेला आणि टोपी नीट करत बसलो.