लाकडी बैलाची चार चाकं

पहिली लेथ मशीन मी थ्री फेजची घेतली. आमच्या घरात सिंगल फेज आहे.

दुकानदाराचा काही दोष नाही. लाकूड कातायला नव्यानं शिकतोय म्हटल्यावर त्यानं टेबलावर मावेल अशी छोटी मशीन दाखवली. "भाऊ, हे घ्या. घरच्या लाईटवर चालते. वाचलेल्या पैशात चांगल्या पटाश्या घ्या अन् धार लावाले ग्राइंडर घ्या."

"याच्यावर काय पापड लाटू?" असं म्हणून मी कोपऱ्यातल्या धुडाकडं बोट केलं.

"घरी थ्री फेज हाय नं?"

"आमच्या इथी सब हाय," मी ठोकून दिलं. ग्राइंडर राहिलंच. पटाश्या घेतल्या त्या सगळ्यात स्वस्त.

करायची होती फक्त चार चाकं. मुलाच्या लहानपणचा लाकडी बैल माळ्यावर पडून होता, चाकं वाळवीनं खाल्लेली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, नात तो ओढणार होती. मुलाची दूर बदली झाली होती. यंदा येतो, पण यापुढं पोळ्याला येणं जमायचं नाही, हे त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं. चिमूरच्या बाजारात तयार चाकं मिळतात. पण मला नातीच्या तोंडून 'आबानं केली' ऐकायचं होतं.

थ्री फेज होती शेतातल्या मोटारपंपाला. धूड बैलबंडीत घालून तिकडं नेलं. तिथली लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पोळ्याचा आठवडा नेमका रात्रीचा निघाला, आणि पंपाच्या खोलीमागं चिखलात वाघाचे पंजे उमटलेले.

"रातच्यानं गेले तं मी कवाड उघडत नाई, सांगून ठेवते," बायको म्हणाली.

तिनं उगाच तोंड शिणवलं. माझे पायच उंबऱ्याबाहेर पडत नव्हते. दिवसा जाऊन मी बंद मशीनचा लाकूड पकडणारा चक हातानं फिरवत बसायचो. चक फिरायचा, त्यातलं लाकूड फिरायचं. पटाशी टेकवली की दोन्ही थांबायची. शेवटी मान खाली घालून चिमूर गाठलं, तर बाजारातली चाकं संपलेली.

तान्ह्या पोळ्याला गल्लीभर पोरांचे बैल गडगडत गेले. नातीनं आमचा दोरीनं फरफटत नेला. चौकाच्या अलीकडं त्याचा एक पाय मोडला. ती रडली नाही. बैल कडेवर घेऊन रांगेत सगळ्यात मागं उभी राहिली. ती रडली असती तर मला सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी मुलगा, नात, सगळी मंडळी गेली. बैल माळ्यावर गेला.

पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा आली. मी गेलो. का गेलो, ते विचारू नका. बोथट पटाश्यांनी लाकूड कातण्याऐवजी कुरतडलं जात होतं. तरी संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी गोल अशी चार चाकं निघाली. घरी आणून बायकोपुढं मांडली.

तिनं एक उचललं, फरशीवर सोडलं. ते जरा लंगडत गेलं आणि भिंतीशी पडलं.

"पोरगी तं गेली," ती म्हणाली. "आता हे चाकं काय सोताले लावता?"