जॅकेट फक्त फोटोपुरतं

बुडता बुडता वाचल्याच्या गोष्टी कशा साठत जातात, हे बघायचं असेल तर आमच्या सासरी या. बारसं असो की मुंज, चार पाहुणे जमले आणि पानं मांडायला जरा उशीर झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ए, ती बोटीची गंमत सांग ना!" मग एकीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, पण ओठांपुरतं. कारण यातल्या बहुतेक गमतींच्या वेळी माझी चार वर्षांची मुक्ता माझ्या मांडीवर बसलेली होती!

मी कऱ्हाडची. कृष्णा-कोयनेच्या गावात वाढूनही मला पोहता येत नव्हतं, कारण माझी आई माझ्याइतकीच भित्री. लग्न करून म्हैसूरला आले ती मंडी मोहल्ल्यातल्या एका जुन्या मराठी घरात. यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. घरात मराठीच बोलतात, पण दर चार शब्दांमागे एक कन्नड. त्यातला घरचा लाडका मंत्र म्हणजे "एनू आगल्ल!" काही होत नाही! गॅस चालू राहिला? एनू आगल्ल. पोर गच्चीच्या कठड्यावर चढलं? एनू आगल्ल. आणि सुट्टी लागली रे लागली की हे घोडदळ निघतं कुठे? पाण्यावर!

मी जरा जास्तच काळजी करते, हे मला मान्य आहे. मुक्ताला द्राक्षंसुद्धा मी उभी चिरून देते. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना माझ्या म्हणण्यातून हवं तर चार आणे वजा करा. बारा आणे तरी उरतीलच!

*

पहिला मान दोड्डप्पांचा. दोड्डप्पा म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले काका. मिशा पूर्वजांच्या फोटोतल्यासारख्या, आवाजही तसाच. लग्नानंतर पहिल्यांदा यांच्याबरोबर बोटीत बसले, तेव्हा मी चाचरत जॅकेट मागितलं. दोड्डप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी रणांगणात छत्री मागितली होती.

"जॅकेट? आपल्या घरात? अगं, आपण घोडदळातले, अल्वा!"

अल्वा म्हणजे 'नाही का'. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोड्डप्पा आहेत म्हटल्यावर भीती कसली, असाच सगळ्यांचा समज. घरात कुणी त्यांना पोहताना पाहिलंय का, असं मी नंतर एकेकाला विचारलं. कुणीच नाही! शेवटी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं, "दोड्डप्पा, तुम्हाला पोहता येतं?"

ते जराही अडखळले नाहीत. "घोडा पोहतो. स्वार नुसता बसतो!"

*

एका तळ्यावर मात्र आम्हाला जॅकेटं मिळाली. धक्क्यावरच्या माणसानं स्वतःहून दिली. केशरी, पट्टे शाबूत, शिट्टीसकट! मुक्ताच्या मापाचंसुद्धा होतं. मला इतकं भरून आलं की मी नवऱ्याला, नरेनला, म्हटलं, "बघ, जग सुधारतंय."

आम्ही बोटीत बसलो. त्या माणसानं मोबाइल काढला, "स्माइल प्लीज" म्हणाला, फोटो काढला आणि हात पुढे केला.

"फोटो आयता, मॅडम? बिच्ची!"

बिच्ची म्हणजे काढा. फोटो झाला, आता जॅकेट काढून द्या! मला वाटलं, माझं कन्नड कच्चं, चुकीचं ऐकलं असेल. पण नरेनसकट सगळे निमूट पट्टे सोडत होते. मागच्या बोटीतली मंडळी आमच्याच जॅकेटांसाठी हात पसरून उभी होती. फोटो 'वर' पाठवायचा असतो म्हणे. आणि बुडाले तर बहुधा खाली!

मी भांडायला तोंड उघडलं, तर रांगेतली माणसं माझ्यावरच ओरडायला लागली. नरेन हळूच म्हणाला, "वसू, लोक खोळंबलेत गं."

लोक खोळंबलेत! आणि मी मुकाट्यानं मुक्ताचे पट्टे सोडले. इतके संतापले होते, पण आधी त्या माणसावर की आधी स्वतःवर, ते अजून ठरलेलं नाही.

*

दुसऱ्या एका ठिकाणी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एका बोटीत आठ जण. मी मोजलं. आठ मोठे आणि वर सहा मुलं! तिकिटाच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "अहो, हे चौदा झाले."

खिडकीतला माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "मक्कळु लेक्कक्के इल्ला, मॅडम." मुलं हिशेबात नाहीत.

"हिशेबात नाहीत म्हणजे?"

"पाच वर्षांखाली तिकीट नाही. तिकीट नाही, तर सीट नाही. सीट नाही, तर जॅकेट नाही."

एवढं सरळ तर्कशास्त्र मी कॉलेजातसुद्धा ऐकलं नव्हतं! मी म्हटलं, "मग तिचं पूर्ण तिकीट घेते. द्या जॅकेट."

त्यानं मान हलवली. "पाच वर्षांखाली तिकीट देता येत नाही, मॅडम. फ्री आहे!"

*

शेवटी ठरवलं, दुसऱ्यांवर अवलंबून राहायचं नाही. तिशी उलटल्यावर मी पोहण्याच्या क्लासला नाव घातलं. बायकांची बॅच. पहिला आठवडा मी पायरीवर बसून पाय ओले करण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात पाण्यात तोंड घातलं. महिन्याच्या शेवटी मला तरंगता यायला लागलं. म्हणजे भिंत धरून!

घरी मात्र ही बातमी 'वसूला पोहता येतं' अशी पोचली. पुढच्या सहलीला एक जॅकेट कमी पडलं. दोड्डप्पांनी क्षणात निकाल दिला. "वसूचं काढा. ती स्विमर! आता आपल्याला लाइफगार्डच मिळाली, अल्वा?"

"दोड्डप्पा, मला फक्त तरंगता येतं. तेही भिंत धरून!"

"एनू आगल्ल! इथे बोटीची कड धर!"

म्हणजे क्लासच्या आधी माझ्या नशिबी एक जॅकेट तरी होतं. महिनाभर क्लोरीन पिऊन मी तेही घालवलं!

*

टी. नरसीपूरच्या संगमावर टोपलीसारखी गोल नाव असते. इथे तिला तेप्प म्हणतात. ती पुढे कमी आणि गोल जास्त फिरते. बसल्या बसल्या मी नावाड्याला कन्नडमधून विचारलं, "तुम्हाला पोहायला येतं ना?"

तो मनापासून हसला. "कसं येणार, अम्मा? इतक्या वर्षांत एकदाही पाण्यात पडलो नाही!"

मी मुक्ताला जवळ ओढलं. दोड्डप्पांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाः! याला म्हणतात रेकॉर्ड!"

*

आता ती गंमत, जी घरात सर्वांत जास्त वेळा सांगितली जाते.

एच. डी. कोट्याच्या पुढे काबिनीच्या पाण्यावर गेलो होतो. उन्हाळा, पाणी उतरलेलं. धरणात बुडालेल्या जुन्या झाडांचे खुंट काही वर दिसत होते, काही पाण्याखाली दडले होते. मोटरबोट खाजगी. आम्ही अकरा मोठी माणसं आणि मुक्ता. जॅकेटं होती! बाकाखाली, दोरीनं बांधलेली, एकेक प्लास्टिकच्या कव्हरात, दुकानातून आणलेली तशीच.

"उघडा ना ती," मी बोटवाल्याला म्हटलं.

"नवी आहेत, मॅडम. कव्हर काढलं की मळतात."

मध्यावर खाडकन आवाज झाला. खुंट! इंजिन बंद पडलं आणि बोटीच्या तळातून पाणी यायला लागलं. बोटवाला ओरडला, "बसा, हलू नका!" त्याबरोबर आमचं अख्खं घोडदळ, काय झालं ते बघायला, एकाच बाजूला उभं राहिलं! बोट कलली. नरेन दातांनी प्लास्टिक फाडत होता. पाणी घोट्याच्या वर आलं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या मधल्या बाकावर डोळे मिटून, दोन्ही हातांनी बाकाची कड गच्च धरून बसल्या होत्या.

नशिबानं जवळून दुसरी बोट जात होती. ती शेजारी येऊन लागली. तिचा माणूस हात धरून एकेकाला पलीकडे ओढू लागला. दोड्डप्पा मला म्हणाले, "पोरीला माझ्याकडे दे, तू आधी जा." मी दिली. का दिली? या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. मी पलीकडे गेले. मग दोन जणांनी दोड्डप्पांना दंडाला धरून ओढलं. त्यांनी मुक्ताला "इथे बस हं" म्हणून फळीवर बसवलं आणि तेही आले.

"किती जण होते?" नव्या बोटीच्या माणसानं विचारलं.

"अकरा."

त्यानं आमचा बोटवाला वगळून बोट नाचवत मोजलं. "हन्नोंदु. सरी." अकरा. बरोबर! आणि त्यानं बोट ढकलली.

बुडत्या बोटीत फळीवर एकटी बसलेली माझी मुलगी हात हलवून म्हणाली, "टाटा!"

मी काय ओरडले, ते मला आठवत नाही. एका हाताचंच अंतर पडलं होतं. नरेननं झोकून देऊन ती कड धरली आणि मुक्ताला उचललं. एवढंच झालं. बाकी काही झालं नाही. एनू आगल्ल!

आता जेवणाच्या पंगतीत हे असं सांगतात, "आणि मुक्तानं काय केलं, सांगू? टाटा केला, टाटा!" आणि सगळे हसून हसून लोळतात. एकदा मी पानावरून उठून गेले. मागून दोड्डप्पांचा आवाज आला, "पण काही म्हणा, मोजणी बरोबर होती, अल्वा?"

*

त्या दिवसापासून मी एकच नियम केला: जॅकेटशिवाय मुक्ता बोटीत पाऊल टाकणार नाही. घरात माझं नाव 'जॅकेट मॅडम' पडलं. पडू दे!

मग दसरा आला. घर पाहुण्यांनी भरलं, आणि नवमीला सगळ्यांनी गावाबाहेरच्या एका तळ्यावर जायचं ठरवलं. त्या दिवशी इथे आयुधपूजा. सायकलीपासून बसपर्यंत ज्याच्या त्याच्या गळ्यात शेवंतीची माळ, रस्तोरस्ती कुंकू घालून फोडलेले कोहळे. पूजेला बसवलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, हा नियम. आमच्या अक्का याबाबतीत फार कडक. विळी पूजेत गेली की त्या दिवशी काकडीसुद्धा हातानं मोडतात.

तळ्यावर ही गर्दी! आमची मंडळी भराभर बोटीत बसली. मी जॅकेट मागितलं. मॅनेजरनं आदरानं धक्क्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन बाळकेळींच्या मध्ये सगळी जॅकेटं रचून ठेवली होती. वर हळदीकुंकू, शेवंतीच्या माळा, समोर नारळ, उदबत्ती!

"इवत्तु आयुधपूजे, मॅडम. मुट्टबारदु." आज शिवायचं नाही.

"आणि बोटी? त्यांची पूजा नाही?"

"त्यांची पहाटेच उरकली. सीझन, अल्वा?"

मी मुक्ताचा हात घट्ट धरला. "मग आम्ही येत नाही."

बोटीतून एकच गलका झाला. "आली जॅकेट मॅडम!" "अगं, आजचा दिवस तरी!" मुक्ता रडायला लागली, तिला बोटीत जायचं होतं. मी त्या ढिगाकडे हात नेला, तर दोड्डप्पा गरजले, "पूजेतली वस्तू उचलतेस? तुमच्या कऱ्हाडला उचलतात वाटतं!"

हात तसाच राहिला. खरं सांगते, मलाही धीर होईना. देवाचं ते देवाचं, हे माझ्याही हाडात आहे.

तेवढ्यात बोट हलली. अक्का उतरत होत्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आता सुनेला बोलणी बसणार!

अक्कांनी धक्क्यावर चपला काढल्या. ढिगासमोर वाकून नमस्कार केला. नारळाजवळच्या अक्षता उचलून त्यावर वाहिल्या, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या आणि दोन्ही हातांनी तो सबंध ढीग बोटभर उत्तरेला सरकवला. मग मॅनेजरकडे वळल्या.

"झाली उत्तरपूजा. देव गेले. आता ही नुसती जॅकेटं."

अक्कांनी सगळ्यांत लहान जॅकेट शोधून मुक्ताला चढवलं, पट्टे स्वतः ओढून बघितले. मग एकेक उचलून बोटीतल्या एकेकाच्या हातात दिलं. दोड्डप्पांना त्या थोरले दीर म्हणून कधी मान वर करून बोलत नाहीत. त्यांच्यासमोरही जॅकेट धरून उभ्या राहिल्या.

"भावजी."

"अगं सरोजा, मला कशाला..."

अक्कांनी हात मागे घेतला नाही. दोड्डप्पांनी जॅकेट घातलं. मिशीला कुंकू लागलं, तरी कुणी हसलं नाही.

मी मुक्ताला घेऊन बसले. "अक्का, या ना."

"तुम्ही जाऊन या," अक्का म्हणाल्या.

बोट सुटली. थोडं आत गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. काठावरच्या सिमेंटच्या बाकावर अक्का बसल्या होत्या, म्हैसूर सिल्कच्या साडीवर कुंकू लागलेलं केशरी जॅकेट, सगळे पट्टे आवळलेले. डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांनी बाकाची कड गच्च धरलेली.

शेजारी उभा असलेला मॅनेजर काहीतरी विचारत होता. पाण्यावरून आवाज स्पष्ट आला. "अम्मा, तुम्ही तर काठावर. तुम्हाला जॅकेट कशाला?"

डोळे न उघडता अक्का म्हणाल्या, "इरली. असू दे."