लाभापासून सहापर्यंत

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या मीना थेटेला कुठलीही गोष्ट सावकाश करता येत नाही. ती जेवते भरभर, बोलते भरभर, आणि हेल्मेटचा पट्टा लावायच्या आत तिची स्कूटी फाट्यावर पोहोचलेली असते. तिच्या सासूबाई, भागुबाई, सांगतात की लग्नात भटजींनी शेवटचं ‘सावधान’ म्हणायच्या आधीच हिनं नवऱ्याच्या गळ्यात हार टाकला होता. हे काही खरं नाही. पण गावात कुणाला ते खोटंही वाटत नाही.

मीना जवळच्याच एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे आणि तिथं तिची घाई सगळ्यांना आवडते. सलाइन लावायचंय, मीनाला बोलवा. पोराला इंजेक्शन द्यायचंय, मीनाला बोलवा. ते भोकाड पसरायच्या आत ती सुई टोचून मोकळी. तिची घाई नडायची ती एकाच ठिकाणी, अंबू बॅगपाशी.

अंबू बॅग म्हणजे ज्याचा श्वास बंद पडत चाललाय त्याला हातानं श्वास द्यायचा रबरी फुगा. दाबला की हवा आत, सोडला की बाहेर. दिसायला अगदी सोपं काम. पण आत गेलेली हवा बाहेर यायला वेळ लागतो, तेवढं थांबावं लागतं, आणि थांबणं हा प्रकारच मीनाच्या पत्रिकेत नव्हता. सरावाच्या पुतळ्यावर ती असा फुगा दाबायची की पंक्चरवाला सायकलमध्ये हवा भरतोय असं वाटावं.

“अगं, त्याला श्वास बाहेर तर सोडू दे!” डॉ. स्नेहल मॅडम ओरडायच्या. “हवा आत साचत गेली की बीपी पडतं. दाब, सोड आणि थांब. सहापर्यंत मोज.”

मीना मोजायची. पण तिचे सहा मॅडमच्या तीनमध्ये संपायचे. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, “तुला थांबता येईपर्यंत पेशंटवर अंबूला हात लावायचा नाही.” मीनाला ते फार लागलं. त्या दिवशी घरी भाकरी जरा जास्तच जोरात थापल्या गेल्या.

आणि घरात होते आबा. धोंडीराम थेटे, मीनाचे सासरे. देवानं सुनेला सगळी घाई दिली, तर सासऱ्याला सगळी सवड. आबांची कोथिंबीर, मेथी रोज नाशिकच्या बाजारात जाते आणि जुड्या आबाच मोजतात. त्यांची मोजणी बघणं म्हणजे मीनाला शिक्षाच. मोजताना आबा ‘एक’ म्हणत नाहीत, जुन्या माणसांसारखं ‘लाभ’ म्हणतात. आणि नुसतं म्हणत नाहीत. पहिली जुडी दोन्ही हातांनी उचलायची, कपाळाला लावायची, डोळे मिटायचे, मग म्हणायचं, “लाभ.” मग ती जुडी क्रेटमध्ये निजवायची. मग दोन. मग तीन. बांधावर पिकअपवाला बंटी हॉर्न वाजवून वाजवून थकतो.

एके दुपारी ड्युटीला निघताना मीनाला राहवलं नाही.

“आबा, पाच-पाचनी मोजा की! आणा इकडं, मी मोजते. बघा कसं फटाफट होतं.”

“नाय पोरी. लाभ म्हणलं का मोजणी मधी सोडायची नाय. लक्ष्मी हाय ती.”

“लक्ष्मी बाजारात पोचायची कधी मग?” असं म्हणून मीनानं स्कूटीला किक मारली.

तिला दवाखान्यात येऊन तास होतो न होतो तोच तिचा नवरा मनोज आबांना मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आला. मागून शेजारच्यानं आबांना धरलं होतं, कारण त्यांना मान सावरत नव्हती. जुड्यांवर झाकलेलं ओलं बारदान उचलताना खाली नाग होता. हाताला डसला आणि गेला. आबांनी काय करावं? शंभर जुड्यांचा शेकडा अर्ध्यावर आला होता. लाभ तर म्हणून झालं होतं. त्यांनी उरलेला शेकडा मोजून पुरा केला आणि मग मनोजला हाक मारून सांगितलं, “हाताला कायतरी चावलं रं.”

नागाचं विष नसांवर चालतं. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग मान आणि शेवटी छाती. आबांच्या पापण्या मिटल्याच होत्या, बोलणं नाकात गेलं होतं. मॅडमनी सापाच्या विषावरची इंजेक्शनं चालू केली, पण श्वास उथळ होत चालला. मग त्यांनी आबांच्या घशातून नळी घातली, तिला अंबू जोडली आणि म्हणाल्या, “व्हेंटिलेटर नाशिकला आहे. विष उतरेपर्यंत श्वास चालू राहिला तर हा माणूस घरी जाईल. मी सोबत येते. पण मला सलाइन, बीपी सगळं सांभाळायचंय. बॅग तुझ्याकडे.”

मीनानं बॅग हातात घेतली. दोघींनाही पुतळा आठवत होता.

ॲम्ब्युलन्स सुटली. ललित ड्रायव्हरनं सायरन लावला, आणि सायरनच्या तालावर मीनाचा हात सुटला.

“मीना!”

“हो मॅडम, हो.” हात जरा कमी झाला, पुन्हा सुटला. हाताबरोबर तोंडही सुटलं, कारण भीती वाटली की मीनाला बोलावंच लागतं. “बघा ना मॅडम, नाग चावला तरी शेकडा पुरा करून आले! असा कुठं माणूस असतो का? यमालासुद्धा म्हणतील, जरा बांधावर बस, माझी मोजणी चाललीय!”

“हळू बोल. त्यांना ऐकू येतंय.”

“काय?”

“अंग लुळं पडलंय, कान शाबूत आहेत. डोळे उघडता येत नाहीत एवढंच. सगळं ऐकू येत असेल.”

मीनाचा हात जागच्या जागी थबकला. आबा तिथं आत होते, जागे, आणि त्यांना श्वाससुद्धा स्वतःचा स्वतः घेता येत नव्हता. आपला हा सावकाश म्हातारा आपल्याला किती हवा आहे, हे तिला तोवर कधी कळलंच नव्हतं. आता कळलं.

“दाब ना!” मॅडम म्हणाल्या.

तिनं फुगा दाबला, आणि तोंडातून निघालं, “लाभ.”

एक म्हणताना घाई करता येते, लाभ म्हणताना येत नाही. निदान थेट्यांच्या घरात तरी नाही. लाभनंतर जुडी कपाळाला लागायची असते, डोळे मिटायचे असतात, जुडी क्रेटमध्ये निजवायची असते. तेवढ्या वेळात आबांची छाती वर आली. “दोन,” मीनानं फुगा सोडला. तीन, चार, पाच, सहा, थेट आबांच्या चालीत. छाती सावकाश खाली बसली. पुन्हा लाभ. मॅडमनी एकदा मॉनिटरकडे पाहिलं, एकदा मीनाकडे, आणि ओरडण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून त्या आपल्या सलाइनकडे वळल्या.

नाशिकच्या तोंडाशी, आनंदवलीपाशी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. ललित खिडकीतून हात बाहेर काढून आनंदवलीसकट साऱ्या जगाला शिव्या घालत होता. मीनाच्या मनगटाला कळा येत होत्या.

“दे, मी घेते थोडा वेळ,” मॅडम म्हणाल्या.

“नको मॅडम. लाभ म्हटलंय. मधी सोडता येत नाही.”

आणि आकड्याआकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ती आबांच्या कानाशी वाकून, तुकड्यातुकड्यानं, बोलत राहिली. “आबा, बरे व्हा. मग पाहिजे तेवढं हळू मोजा. मी एका शब्दानं बोलणार नाही. शप्पथ.” डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

नाशिकला आबांना मशीनवर ठेवलं. आधी पापण्या हलल्या, मग बोटं. मग एके सकाळी नळी निघाली. मीना डबा घेऊन गेली तर आबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

“आनंदवलीपाशी… चारचा आकडा खाल्लास.”

“काय?”

“तीनवरनं सरळ पाचावर गेलीस. पाच-पाचची खोड तुझी.”

मीना इतक्या मोठ्यानं हसली की वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. मग तिनं ओढणीत तोंड खुपसलं.

“मग तेव्हाच सांगायचं ना!”

“तोंडात नळी व्हती.” आबा दम खात थांबले. “आन् शप्पथ बी ऐकली.”

दवाखान्यात आता अंबूची वेळ आली की मॅडम मीनाकडेच बॅग देतात. बाकी मीना होती तशीच आहे. भागुबाईंची ‘सावधान’ची गोष्टही तशीच चालू आहे. फक्त वाफ्यातली नवी कोथिंबीर निघाली त्या दुपारी बंटीनं सवयीनं हॉर्न वाजवला, तर बांधावरून मीनाच खेकसली, “ओ बंटीशेठ, हॉर्न बंद करा! मोजणी चाललीय.”

ड्युटीला उशीर होत होता. हेल्मेट डोक्यात होतं, स्कूटीची किल्ली हातात होती, आणि जीभ दातांखाली होती. आबांनी पहिली जुडी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि सुनेकडे एक डोळा उघडा ठेवून जरा जास्तच वेळ तिथं धरून ठेवली. मीना बघत उभी राहिली. आबांची छाती वर आली, भरली आणि कुणीही हात न लावता सावकाश खाली बसली.

“लाभ,” आबा म्हणाले.