बाबांच्या हातचा चहा

माझे बाबा विमानात झोपले, ती झोप आमच्या घराला फार महागात पडली.

काशी करून आम्ही तिघं परत निघालो होतो. सेलूहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान, हा बेत माझाच. आयुष्यभर कापूस बाजारात कारकुनी केलेल्या माणसानं एकदा तरी ढग वरून बघावेत, अशी माझी हौस. येताना बाबांना मुद्दाम खिडकी दिली, तर विमान उडाल्या उडाल्या ते खिडकीलाच डोकं टेकून घोरायला लागले. मधे आई, कडेला मी.

काशीला आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची असते. आमच्या गल्लीतल्या लोकांनी काय काय सोडलं ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणी कारलं, कुणी दुधी भोपळा. जिलबी सोडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आईनं पडवळ सोडलं. आमच्या घरात पडवळ कधी शिजलंच नव्हतं. घाटावर बाबा म्हणाले, "देवाला बी गंडवायलीस व्हय?" आई तोंडाला पदर लावून हसली. बाबांनी स्वतः कारलं सोडलं होतं.

अर्ध्या वाटेत विमानाला धक्का बसला. एका बाजूची घरघर खाली खाली जात थांबली. मग वैमानिकाचा आवाज आला, अगदी शांत. एक इंजिन बंद करावं लागलंय, आपण नागपूरला उतरतोय.

"काय बंद केलंय म्हणायलाय?" आईनं विचारलं.

"एक इंजिन. दुसरं चालू आहे. एकावर पण विमान नीट येतं." कुठंतरी वाचलेलं मी सांगत होते. "बाबांना उठवू?"

"नको," ती म्हणाली. "झोपू दे त्यांना." तिनं त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण चाललंय.

विमान अलगद उतरलं. बाहेर अग्निशमनच्या गाड्या उभ्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा बाबा जागे झाले आणि म्हणाले, "आलं का हैदराबाद?" आमच्या पुढची दोन माणसं रडता रडता हसली.

आता चहाचं सांगते. नोकरीत असेपर्यंत बाबांनी घरात पाण्याचा पेलाही स्वतःच्या हातानं घेतला नव्हता. रिटायर झाले आणि एका सकाळी काय मनात आलं कोण जाणे, उठून चहाच केला. पहिला चहा नुसता काढा होता. आईनं तो मिटक्या मारत प्याला. तेव्हापासून रोज सकाळी आलं ठेचायचा आवाज यायचा. मग दोन कपबशा घेऊन बाबा दारापुढच्या ओट्यावर यायचे आणि म्हणायचे, "घ्या बाईसाहेब." दोघं फुर्रफुर्र करत बशीतून प्यायचे आणि बोलत बसायचे. सगळ्या संसारात न झालेल्या गप्पा त्या ओट्यावर व्हायच्या. मी सुट्टीला परभणीहून गेले की अंथरुणात पडून ऐकायची. मला फार सुख वाटायचं.

काशीहून आल्यावर पहिल्या सकाळी बाबांनी कप पुढं केला, तर आई म्हणाली, "नको. पित्त झालंय." दुसऱ्या दिवशीही नको. बाबा काही दिवस दोन कप करत राहिले. मग एकदा शेजारणीच्या ओट्यावर आई चहा पिताना त्यांना दिसली. त्यानंतर ते एकच कप करायला लागले आणि तोही फाटकाशी उभं राहून प्यायला लागले.

मी आईला खोदून खोदून विचारलं. ती विषय बदलायची. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी विमानात झोपलो ना, त्याचा राग असंल. तिकडं तिचा जीव जायलाय अन् मी घोरायलोय. उठवलं असतं तर हात तरी धरला असता."

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांना तो रागच वाटत राहिला.

पाहुणे पांगल्यावर एका सकाळी मी चहा केला. आईनं गपचूप घेतला. माझा तोल गेला. "बाबांनी केलेला तेवढा चालत नव्हता का गं?"

ती कपाकडं बघत म्हणाली, "तवा विमानात वाटलं, पडवळ सोडून फसवलं म्हणून देव कोपलाय. मग लय आवडीचं होतं ते सोडलं. त्यांच्या हातचा चहा. म्हणलं, एवढं घे अन् ह्यांना खाली उतरव."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"सांगितलं असतं तर हसले असते. घ्या बाईसाहेब म्हणून कप हातात दिला असता. अन् मी घेतला असता."

मला रडू आवरेना. "सोडायचाच होता तर माझ्या हातचा सोडायचास."

"तुझ्या हातचा काय सोडायचा? ते पडवळच की." ती हसली आणि मग पदरानं डोळे पुसायला लागली. "त्यांना उठवायला पायजे होतं गं. जागे असते तर ओठ हलताना बघून विचारलं असतं, काय पुटपुटायलीस म्हणून."

चहावर साय धरली. मग तिनं विचारलं, "तवा तू म्हणलीस, एका इंजनावर बी विमान येतंय. खरंच येत असतं का?"

मी तिच्या हातातला कप काढून घेतला.

"नाही गं," मी म्हणाले. "नसतं येत."