कन्सोल घेतला, त्यानंतरची सहा वर्षं

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी गेम खेळण्यासाठी पैसे साठवले. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होते, नवरा सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात. माहेरी भावाबरोबर मी कन्सोलवरच खेळत वाढले, त्यामुळे मला कन्सोल हवा होता. नवऱ्याला पीसी. टाकव्याच्या आमच्या घरी वाटाणे सोलता सोलता वाद पेटला.

"कन्सोल एकदा घेतला, टीव्हीला जोडला की संपलं," मी म्हणाले.

"संपत नाही गं. एकेक गेम चार हजारांचा. ऑनलाइन खेळायचं तर वर्षाची वर्गणी वेगळी. पीसीवर सेलमध्ये गेम स्वस्त मिळतात."

सासूबाई शेंगांमधून मान वर न काढता म्हणाल्या, "म्हशीची किंमत येकदाच देतो, वैरण रोज लागती. वैरण कुणाला जास्त, त्ये बगा की."

कुणीच बघितलं नाही. कन्सोल पीसीच्या निम्म्या किमतीत येत होता आणि मी हट्टाला पेटले होते. "घे तुझा," नवरा म्हणाला. त्याच महिन्यात कारखान्यातल्या त्याच्या मित्राने सुटे भाग आणून स्वतःसाठी पीसी जुळवला.

सुरुवातीला माझंच बरोबर निघालं. गावात वीज सारखी ये-जा करायची, म्हणून मित्राला यूपीएस घ्यावा लागला. तिसऱ्या वर्षी त्याचं ग्राफिक कार्ड जळालं. मी घरी हसतच म्हणाले, "बघा, तेवढ्यात अख्खा कन्सोल आला असता!"

नवरा हसला नाही. "पोरीच्या बारशासाठी ठेवलेले पैसे घातले त्याने," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचेही पैसे जातच होते, फक्त थोडे थोडे. कंट्रोलरची दांडी बिघडली, पडद्यावरचा खेळाडू आपोआप डावीकडे सरकायला लागला. नवा कंट्रोलर आणला. पुढे नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा वर्गणी थांबली, नवे गेमही थांबले. लोणावळ्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले एक चाचा गेमची जुनी डिस्क घेऊन, वर थोडे पैसे घेऊन दुसरी द्यायचे. "चरे पाडू नका, बेटा, पुढच्यालाही खेळायचंय," असं दर वेळी बजावायचे.

सहाव्या वर्षी कन्सोल सुरूच होईना. चाचांनी उघडून बघितला. "बोर्ड गेलाय. दमट हवा, दुसरं काय. दुरुस्तीच्या खर्चात माझ्याकडचा वापरलेला येईल."

विचार करून सांगतो म्हणून आम्ही निघालो. मोटारसायकलवर मागे बसून मी सगळं मनात जुळवलं. मित्राचा पीसीवर झाला तेवढाच खर्च आमचाही झाला होता. पण त्याचा पीसी चालू होता, आणि त्याची बायको त्यावर शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढायची.

"तुमचं ऐकायला हवं होतं मी," मी नवऱ्याच्या पाठीला म्हणाले.

त्याने गाडी कडेला घेतली. "तेव्हा पीसीएवढे पैसे होते कुठे आपल्याकडे? मी उगाच ताणत होतो. कर्ज काढूनच घ्यावा लागला असता."

"मग आता?"

"डिस्क तर घरात आहेतच." त्याने मागे वळून बघितलं. "शिवाय त्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये मी अजून तुला एकदाही हरवलेलं नाहीये."

आम्ही परत बाजाराकडे वळलो. चाचा शटर ओढायच्या बेतात होते.