वही मीच सोडायला लावली

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला प्रशिक्षणात होते. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "त्यांचा टॅब कुठे आहे?" महिना झाला, पण त्या प्रश्नाची लाज जात नाही…

ताई हरसूलकडच्या आमच्या उपकेंद्रातल्या नर्स. मी तिथेच नव्याने लागलेली आरोग्य अधिकारी, नामपूरची, घरातली पहिली पदवीधर. पाड्यावर कसं बोलायचं, घरात आधी पाणी मागून प्यायचं आणि मगच विषय काढायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली, टॅब. गरोदर बायांच्या नोंदी त्या आधी वहीत लिहायच्या, मग टॅबमध्ये भरायच्या. "ताई, दुप्पट काम कशाला? वही सोडा," म्हणून मी मागेच लागले. "आली मोठी ग्रॅज्वेट!" म्हणाल्या, पण सोडली. पासवर्ड कुणाला सांगू नका, हेही मीच बजावलं. "तुला बी नाय?" "मलासुद्धा नाही."

पाड्यांवर नेटवर्क नाही. आठवडाभराच्या नोंदी टॅबमध्येच साठायच्या आणि बाजाराच्या दिवशी हरसूलला गेल्यावर पुढे जायच्या. त्या आठवड्यात टेकडीवरून ताईंचा फोन आला. "सात जणी जोखमीच्या निघाल्या गं, लय सुजल्यात. बाजाराला नावं पाठवते, गाडी सांगून ठेव…" फोन तुटला. बाजाराच्या आदल्या दिवशी हृदयविकाराने त्या गेल्या.

टॅब माझ्याकडे आला. त्यांची जन्मतारीख, लेकीची जन्मतारीख, सगळं टाकून पाहिलं. शेवटी तो लॉक झाला, आकडेही घेईना. कार्यालयातले म्हणाले, "सगळं पुसल्याशिवाय उघडणार नाही, मॅडम." मग मी चालत सुटले. पाड्यामागून पाडा, दारामागून दार. सहा जणी सापडल्या, दवाखान्यात पोचल्या. सातवी नाही. पाय सुजलेली आणखी कोण, विचारल्यावर एका म्हातारीने सांगितलं, "मंगी आन् तिचा नवरा गेलं ना दिंडोरीकडं, द्राक्षाच्या कामाला." कोणत्या मळ्यात? "त्ये काय ठावं, बाई…" त्यांच्याकडे फोनही नव्हता.

मंगीचे दिवस भरत आलेत. सुट्टी मिळाली की मी दिंडोरीचे मळे पालथे घालते. ताई तपासायला बसल्या की आधी बाईचं पाऊल मांडीवर घ्यायच्या, घोट्याशी अंगठा दाबायच्या आणि पडलेला खळगा भरून येईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. वेलींखाली गरोदर बाई दिसली की मीही तशीच मातीत बसते, पाऊल मांडीवर घेते, अंगठा दाबते. मग नाव विचारते.