ढोम्याच्या डोक्यातले खडे

काल जेवताना ढोमा माशाच्या डोक्यातला पांढरा खडा ताटात टण्णकन वाजला आणि मी भर जेवणात हसत सुटलो.

चाळीसेक वर्षांपूर्वी असेच दोन खडे मुठीत घेऊन कैनाडचा एक शेतकरी डहाणूच्या बाजारात आईसमोर उभा राहिला होता. "वजन वाढवायला मासळीत खडे भरतेस?" आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. नरपडहून डोक्यावर टोपली आणणाऱ्या माझ्या आईकडे इमानाखेरीज दुसरं भांडवल नव्हतं. मी तिचा ओला, खारट वासाचा पदर घट्ट धरून बसलो.

आईने टोपलीतला अख्खा ढोमा उचलून सगळ्यांना दाखवला आणि कोयत्याच्या एका घावात त्याचं डोकं फोडलं. डावीकडे एक, उजवीकडे एक, अगदी सारखे खडे!

"हे देवाने भरलेत, भाऊ. ह्यांच्यामुळे काळोख्या पाण्यातही माशाला वर कुठे, खाली कुठे ते कळतं. तुला ताडी प्यायल्यावर कळतं काय?"

बाजार खदखदून हसला, सगळ्यात मोठ्याने तो शेतकरीच. "द्या मावशी, अजून एक ढोमा द्या!"

आज माझी मुलगी कॉलेजात माशांच्या कानातल्या ह्याच खड्यांचा अभ्यास करते. त्यांच्यावरच मासा तोल सांभाळतो म्हणे. मी ऐटीत सांगतो, "तुझ्या आजीने हे शाळेत न जाता भर बाजारात शिकवलंय."

आणि पुढचंही सांगतो. आजीने त्या नव्या ढोम्याचे दोन्ही खडे काढून घेतले आणि पिशवीत वर एक बोंबील टाकला. "घे. देवाच्या खड्यांचं वजन मी विकत नाही."